चार बोटं

रविवारी सौदे बंद.
तासगावच्या मार्केट यार्डात तेव्हा
बेदाण्याचा वास आणि दोन कुत्री, एवढंच असतं.
दस्तगीर नदाफनं चुन्याची रेघ मारली,
पुढं पंधरा पावलं मोजून रिकामे खोके रचले.
"ही ट्रॉली," म्हणाला.
"धडकलीस तर खोके तुझ्या पैशानं."

मी सांगितलं, सहा वर्षं गाडी चालवते,
मणेराजुरी, सावळज, डोंगरसोनी,
कुणाची गाय माजावर आली की वेळ-अवेळ नाही,
पाठीमागं नायट्रोजनचं कॅन आवळून.
तो म्हणाला, "चालवतीस, ते दिसतंय.
थांबवतीस कधी?"

पुढचा ब्रेक मी कधी धरलाच नव्हता.
पुढचा दाबलास की पालथी पडशील,
हे घरातल्या प्रत्येकानं एकदा तरी सांगितलेलं,
आणि मामानं तर गाडी देतानाच
त्याची केबल ढिली करून दिलेली. मायेनं.
दस्तगीरनं ती घट्ट केली.
मामाबद्दल काही बोलला नाही.

पहिल्या खेपेला मागचं चाक जागच्या जागी अडकलं.
गाडीनं म्हशीसारखी शेपूट फिरवली,
मी खोक्यांत. ढोपरात खडी.

"मारायचा न्हाई, पिळायचा.
तुला काय सांगायचं, रोज जनावरातच असतीस.
आधी आचळाला नुसती बोटं लागू देत,
पुढचं टायर खाली बसू दे,
मग धार काढ.
जोर वाढत जाऊ दे. झटका न्हाई."

आणि मग,
"ब्रेक धरून वळायला जाऊ नगंस.
पाटाला दार एकच असतंय.
थांबायच्या वावरात पाणी चाललंय तवर
वळायचं वावार कोरडंच.
वळायचंय? हितलं दार बांध, मग तितलं मोड."

तिसावर वीस वेळा.
चाळिसावर किती, ते मोजलं नाही.
कॅन काढून, कॅन बांधून,
रेघेवर बादलीभर पाणी ओतून.
तळहाताला फोड आला, फुटला.
"खोक्याकडं बघू नगंस. बघितलंस की तिथंच जाशील."
मी विचारलं, तुमचा पाय कशानं गेला?
तो खोके रचत होता.
"तवा मी ट्रॉलीकडंच बघत होतो."

जानेवारी. कारखाने पेटलेले.
येळावीच्या पुढं रात्री नऊला
समोरच्या जीपनं डोळ्यांत लाइट मारला, गेली,
आणि अंधारातून एकदम ऊस.
दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही,
मोळ्यांची कापलेली टोकं, पांढरी,
माझ्या तोंडाच्या उंचीवर.

बोटं बसली.
मी बसवली असं म्हणता येणार नाही.
पुढचा शॉक खाली गेला, कॅन पाठीत रुतलं,
टायर ओरडलं नाही, नुसतं कण्हलं,
आणि तरीही ऊस येतच राहिला.
पुरणार नव्हतं.
डावीकडं साइडपट्टी होती, हातभर,
तिच्यापलीकडं चारी,
चारीतल्या पाण्यावर कुठल्या तरी घराचा बल्ब हलत होता.
मी त्या बल्बाकडं बघितलं.
हितलं दार बांधलं.

पाचट हेल्मेटवरून खरडत गेलं, काचेपासून मानेपर्यंत.

थांबले तेव्हा ट्रॅक्टरच्याही पुढं होते.
पंक्चर झालेल्या चाकापाशी उकिडवा बसलेला पोरगा,
तोंडात मोबाइलची बॅटरी धरून.
त्यानं मान वर केली.
"ताई, टॉमी हाय का?"

मला नाही म्हणायचं होतं.
तोंड उघडलं, आवाज आला नाही.
चार बोटं लिव्हरवरून निघेनात,
डाव्या हातानं एकेक सोडवावं लागलं,
करंगळी सगळ्यात शेवटी.

पुढच्या रविवारी दस्तगीरला सगळं सांगितलं,
जीप, टोकं, पाचट, पोरगं.
त्यानं एवढंच विचारलं, "बघत कुठं होतीस?"
मी बल्बाचं सांगितलं.
तो उठला, लंगडत गेला,
आणि खोके दोन पावलं जवळ आणले.